बेडकांच्या मुठी आणि गुलाबी मूठ

'कपहेड' या व्हिडिओ गेममधील रिबी आणि क्रोक्स हे दोन मुष्टियोद्धे बेडूक खेळाडूला पहिल्याच बेटावर भेटतात, त्यामुळे पुढे येणाऱ्या अवाढव्य आणि अवघड बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूंच्या, गर्दीत त्यांची आठवण मागे पडते. गेल्या महिन्यात धाकट्या भावाबरोबर हा खेळ मी पुन्हा सुरू केला, आणि या दोघांपाशी आम्ही सलग दोन संध्याकाळी अडकलो. त्या दोन संध्याकाळींनंतर माझे मत पक्के झाले आहे की संपूर्ण खेळात शिकवण्याचे काम इतक्या नेटकेपणाने करणारी दुसरी लढत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कपहेड आणि मगमन हे कपाच्या डोक्याचे दोन भाऊ सैतानाच्या जुगारखान्यात हरतात आणि स्वतःचे आत्मे वाचवण्यासाठी त्याच्या कर्जदारांकडून वसुली करत फिरतात. त्यांच्या बोटांतून गोळ्या सुटतात, म्हणजे मुळात हा नेमबाजीचा खेळ आहे. रिबी आणि क्रोक्स हे त्या कर्जदारांपैकी दोघे. त्यांच्या लढतीच्या नावात येणारा 'क्लिप जॉइंट' हा जुन्या अमेरिकी बोलीतला शब्द गिऱ्हाइकाला लुबाडणाऱ्या गुत्त्यासाठी वापरला जाई, आणि या नावाचा खरा अर्थ लढतीच्या शेवटी उलगडतो.

पहिल्या टप्प्यात बुटका रिबी पेटत्या मुठींची रांग सोडतो आणि उंच क्रोक्स तोंडातून काजवे उडवतो. काजवे क्षणभर थबकतात, आपला नेम धरतात आणि मग अंगावर येतात. ते गोळीने पाडता येतात. मुठींना मात्र चुकवावेच लागते, आणि त्यांत मधूनच एखादी गुलाबी मूठ येते. या खेळात गुलाबी वस्तूचा अर्थ एकच आहे: उडी मारून तिच्यापर्यंत जा आणि हवेत असतानाच नेमक्या क्षणी पुन्हा बटण दाबून तिला थोपवा. यालाच पॅरी म्हणतात. पॅरी साधली की विशेष हल्ल्यासाठीचा एक पत्ता (कार्ड) मिळतो, चुकली तर तीच मूठ आपल्याला लागते, आणि सुरुवातीला आपल्याजवळ जीव असतात फक्त 3.

हल्ल्यापासून पळण्याऐवजी त्याच्यातच हात घालण्याची ही कल्पना मारामारीच्या खेळांतून आलेली आहे. 1997 साली आलेल्या 'स्ट्रीट फायटर 3' मध्ये प्रतिस्पर्ध्याचा फटका लागण्याच्या क्षणी त्याच्याच दिशेने कळ दाबली की फटका निष्फळ होई. 2004 च्या ईव्हो या मारामारीच्या खेळांच्या स्पर्धेत दाइगो उमेहारा या जपानी खेळाडूने जीव जवळजवळ संपलेला असताना प्रतिस्पर्धी जस्टिन वाँग खेळवत असलेल्या चुन-ली या पात्राचे 15 फटके याच पद्धतीने ओळीने थोपवले आणि सामना फिरवला. त्या सामन्याचे चित्रण मी अगणित वेळा पाहिले आहे. रिबी दुसऱ्या टप्प्यात दोन्ही तळहात एकमेकांवर आपटून ऊर्जेचे गोळे सोडतो तेव्हा त्याच परंपरेची मला आठवण येते.

हा दुसरा टप्पा मला सर्वांत देखणा वाटतो. रिबी अंगाचा चेंडू करून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला घरंगळत जातो आणि आपण दोघा भावांच्या मध्ये सापडतो. एका बाजूला क्रोक्स पंख्यासारखा गरगरत वाऱ्याने आपल्याला ढकलत असतो, तर दुसऱ्या बाजूने रिबीचे गोळे येत असतात. येथे वेग फारसा कामाला येत नाही. समोरच्याचा पवित्रा वाचता यावा लागतो. तो वाचता येतो याचे श्रेय व्यंगचित्रशैलीला आहे. स्टुडिओ एमडीएचआर या कॅनेडियन चमूने 1930 च्या दशकातील कार्टूनपटांप्रमाणे प्रत्येक हालचाल कागदावर हाताने रेखाटली. खेळ सेकंदाला 60 चौकटींनी चालत असला तरी पात्रांची हालचाल 24 चित्रांनीच होते. त्या काळच्या शैलीत पात्र कोणतीही कृती करण्याआधी तिची तयारी अतिशयोक्तीने दाखवते: अंग मागे ओढले जाते, गाल फुगतात, हात रबरासारखे ताणले जातात. चित्रपटात ती तयारी प्रेक्षकाला हसवण्यासाठी असे. येथे तीच खेळाडूला मिळणारी प्रामाणिक सूचना ठरते. मी जितक्या वेळा हरलो तितक्या वेळा रिबीने मला आधी सांगितले होते आणि मीच पाहिले नव्हते. म्हणूनच ही लढत अवघड असूनही मला कधी अन्यायाची वाटली नाही.

तिसऱ्या टप्प्यात क्रोक्स रिबीला गिळतो आणि त्याच्या देहाचे जुगाराचे यंत्र होते. हे यंत्र बंद असताना आपल्या गोळ्यांचा त्याच्यावर काहीही परिणाम होत नाही, ते मात्र आपल्यावर नाणी फेकत राहते. मग यंत्राचा दांडा बाहेर येतो आणि त्याच्या टोकाची मूठ गुलाबी असते. पहिल्या टप्प्यात पॅरी हा ऐच्छिक विषय होता, आता तो सक्तीचा आहे, कारण ती मूठ थोपवून दांडा ओढल्याशिवाय यंत्र उघडत नाही आणि लढत पुढे सरकत नाही. साप, बैल किंवा वाघ यांपैकी जे चित्र लागेल त्याप्रमाणे सरकत्या फळ्या येऊ लागतात. सापाच्या फळ्यांवरून नुसत्या उड्या माराव्या लागतात, बैलाच्या फळ्यांतून ज्वाळा निघतात आणि वाघाच्या फळ्यांवर गोळे वरखाली होत असतात. ते चालू असेपर्यंतच यंत्राचे पोट उघडे असते, आणि आपल्याला मिळणारी संधी तेवढीच.

दुसऱ्या संध्याकाळी आमचा जीव याच टप्प्यावर जात होता. हरल्यावर लढत कुठवर पोहोचली ते दाखवणाऱ्या पट्टीवर शेवटची खूण अगदी हाताशी आलेली असे. त्या डावात बैल लागला आणि भाऊ ज्वाळेत सापडला. या खेळात जोडीदार मेला की त्याचे भूत वर तरंगत जाते, त्याच्या छातीवर गुलाबी हृदय असते, आणि त्यालाही पॅरी करून परत आणता येते. माझा एकच जीव उरला होता. "दादा, मला सोड, मशीनला मार," असे तो म्हणत होता. मी फळीवरून उडी घेतली, बटण दाबले, आणि तो एका जिवावर खाली उतरला. यंत्राचे पोट मिटले, दांडा बाहेर आला. तो त्याने ओढला. मी त्याला सांगितलेही नव्हते. यावेळी वाघ लागला. दुसऱ्या फळीवर असतानाच पडद्यावर 'नॉकआउट' झळकले, आणि भाऊ कंट्रोलर मांडीवर ठेवून काही वेळ नुसता पडद्याकडे पाहत बसला.