सतरा टक्के ओलावा

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यात, नाटक लिहिणाऱ्याचा दिवाळीनंतर घरात पाय टिकत नाही. वडसा इथल्या नाटक कंपन्यांच्या ऑफिसांत बुकिंग लागतात, मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने गावोगाव रात्रभर नाटकं होतात. इथले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून बाहेरची मंडळीही चौकशी करतात आणि फिरून एकच विचारतात, एवढं सुचतं कुठून? मी खिशातली वही दाखवतो. किराणा दुकानात उधारी मांडतात तसली, उभी.

वहीत माझे विचार नसतात. सहा महिन्यांनी ते मलाच कळत नाहीत. लोक जे बोलले ते, जसं बोलले तसं. एसटीत एक बाई फोनवर: 'मेली नाही जी मी, रेंज नोती.' तेरवीच्या (तेराव्याच्या) पंगतीत एक बुढा वाढणाऱ्या पोराला: 'घरच्याईले वरन जास्त वाढ, कोरडा भात गिळत नाई.' बस.

त्या दिवशी घरचं धान घेऊन मी सरकारी खरेदी केंद्रावर रांगेत होतो. रात्री आरमोरीकडच्या एका गावात प्रयोग होता आणि तिसऱ्या अंकाने डोकं धरलं होतं. कर्जात बुडालेल्या बापाचं दीड पानी स्वगत. बापाचं काम करणारा नट आदल्या रात्रीच म्हणाला होता, "तोंडात बसत नाई जी."

माझ्यापुढे एक बुढा होता, सोबत शाळकरी नात. ग्रेडरने मशीन लावलं, आकडा अठराच्या वर. सतरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असला की धान घेत नाहीत. बुढ्याने वाद घातला नाही. पोत्यातला एक दाणा काढला, दाढेखाली धरला. टक् आवाज झाला.

"आयकलं? तुमच्या मशीनले दात आहेत का जी?"

रांग हसली. ग्रेडरही हसला, पण नियम तो नियम. मग बुढ्याने तिथेच ताडपत्री पसरून धान ओतलं. नात अनवाणी पायांनी ते फिरवू लागली. पाय घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत, नांगराच्या तासासारख्या सरळ रेघा. मध्येच थांबून आजोबांसारखाच दाणा चावून बघायची आणि थुंकायची. उन्हं कलण्याआधी पुन्हा मशीन लागलं आणि धान पास झालं. बुढ्याने मूठ ग्रेडरपुढे धरली. "आता तुमीबी चावा."

मी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून सगळं लिहून घेतलं. रेघांचं चित्रसुद्धा काढलं, वाईट.

संध्याकाळी मेकअपच्या तंबूत पेन्सिलने सीन बदलला. आमच्याकडे तालमीची चैन फारशी नाही. नट आज या कंपनीत, उद्या त्या, त्यामुळे प्रॉम्प्टरच्या हातातली संहिता हाच आधार, आणि प्रॉम्प्टर मीच. आयोजकांकडे मूठभर धान मागितलं, तर पडद्यामागे अख्खं पोतं येऊन पडलं.

तिसरा अंक लागेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. माणसं कांबळी पांघरून बसलेली, काही पोरं झोपलेली. सावकार म्हणतो, माल ओला आहे, अर्धाच भाव देईन. बाप पोत्यात हात घालतो, दाणा चावतो. ऑर्गनवाल्याला मी खुणेने थांबवलं होतं. माईक जवळ असल्याने तो टक् मागच्या माणसापर्यंत गेला.

"तुमच्या काट्याले दात आहेत का, पाटील?"

आधी हशा उठला. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मशीन आना बे, सतरा पाहा!" त्यावर बायकांच्या बाजूने शिव्या सुरू झाल्या, सावकाराला, अगदी नाव घेऊन. नाव नाटकातलं नव्हतं. गावातल्याच कुणाचं असावं. सावकार झालेला आमचा नट पुढचं वाक्य विसरला आणि मी दोनदा सांगूनही त्याला ते ऐकू जाईना.

पहाटे चहाच्या वेळी बापाचा नट माझ्या शेजारी येऊन बसला. सीन जमला हे त्याने मान्य केलं. पण तोंड आंबटच.

"मायं स्वगत कुठी गेलं?"

"तुम्हीच म्हणाले ना, तोंडात बसत नाही."

"बसत नाई, पन शेवटी मी रडतो ना जी. त्याले टाळी आहे."

घासाघीस झाली. दाणा चावल्यानंतर अर्धं पान ठेवायचं ठरलं. रडणं त्याच्या मर्जीवर.

"आनखी एक," तो उठता उठता म्हणाला, "उद्याचं धान घरचं आना. याले औषधाचा वास येते."