बेवारस डबी

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीची मुलं नाशिकला येतात आणि माझी दुपारची झोप जाते. यंदा जेवणं उरकून जरा पाठ टेकते तोच भाची येऊन उभी. "मावशी, एखादी डबी दे ना. छोटी पाहिजे. झाकण घट्ट हवं, आत पाणी जाता कामा नये."

डबीचं नाव काढलं की माझी झोप उडते. ओट्याखाली माझा खजिनाच आहे. नवरा त्याला भंगार म्हणतो, म्हणू दे. शेवटी हाताला लागली फिल्मच्या रोलची काळी डबी, करड्या झाकणाची. एके काळी फोटो स्टुडिओवाल्याकडे मागितल्या की अशा मूठभर मिळायच्या. आईच्या देव्हाऱ्यात एकीत हळद, एकीत कुंकू. झाकण उघडताना 'टप्प' असा आवाज व्हायचा, आणि तो आला की समजायचं, कोणीतरी बायका आल्यात, आता पोह्यांचा वास येणार. या डबीच्या तळाशी अजून लाल कड होती. भाचीने नाक आत खुपसून शिंक दिली आणि म्हणाली, "हीच! खऱ्या खेळात हीच वापरतात."

खेळाचं नाव जिओकॅशिंग. एकाने डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी मोबाइल घेऊन ती हुडकायची. आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची, आतली एखादी वस्तू उचलली तर निदान तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची, आणि डबी होती तिथे परत. जगभर लाखो डब्या अशा झाडांत, पुलांखाली, दगडांआड बसलेल्या आहेत.

हे सुरू कसं झालं तेही भाच्याने सांगितलं. जीपीएसच्या सिग्नलमध्ये अमेरिकन सरकार पूर्वी मुद्दाम गोंधळ घालून ठेवायचं, त्यामुळे सामान्य माणसाला जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. २ मे २००० ला तो गोंधळ बंद केला. लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगनमधल्या डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक काळी बादली अर्धी पुरली आणि ठिकाणाचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही-पेन्सिल, बीन्सचा बंद डबा, गलोलीची मूठ, आणि चक्क डॉलरच्या नोटा. रानात नोटा! मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

कारण आमच्या घरात लपवायचं ते कोणाला सापडू नये म्हणून. आजी तूरडाळीच्या पिंपात पुरचुंडी ठेवायची. ती गेल्यावर काकूंनी शोक आटोपता घेऊन सगळी पिंपं उपसली. पुरचुंडी निघाली. आत एक जायफळ आणि चलनातून गेलेली वीस पैशांची नाणी. काकू बरेच दिवस आजीच्या फोटोकडे संशयाने बघायच्या.

हे घर म्हणजे जुन्या नाशकातला, तिवंधा चौकाजवळचा वाडा. म्हणजे आमच्या तर रस्त्याखालीच लपवलेलं होतं. पेशव्यांच्या काळातली रहाड, दगडी हौद, वर फळ्या आणि माती टाकून वर्षभर बुजवलेला. वरून सायकली, हातगाड्या, आम्ही शाळेला. बाहेरच्या माणसाला पत्ता नाही. भाऊ पानाच्या टपरीपासून पावलं मोजत यायचा आणि नेमक्या जागी पाय आपटून सांगायचा, "हितं आहे." रंगपंचमी जवळ आली की ती उकरायची, धुवायची, फुलांचा रंग उकळून ओतायचा, पूजा करायची, आणि मग धप्पा! उडी मारणाऱ्याबरोबर काठावरचे पन्नास जण भिजायचे. आमच्या घरातून मुलींनी उडी मारायची नाही असा दंडक होता. मी काठावरच भिजले, पण इतकी, की परीक्षेच्या पेपरावर अंगठ्याचा पिवळा ठसा उमटला. पुन्हा सगळं बुजवलं की दुसऱ्या दिवशी तिथे भाजीवाली बसलेली. शनी चौकातली मुलं त्यांची रहाड मोठी म्हणायची. त्यावर मी आजही बोलणार नाही, भांडण होईल.

तर डबी. भावोजींनी सकाळी ती गोदापार्कात लपवली आणि संध्याकाळी मी आणि मुलं शोधायला. मोबाइल म्हणाला ४ मीटर. आम्ही जागचे हललो नाही, तर म्हणाला ११. झाडांच्या पानांतून सिग्नल अडखळतो म्हणे. वाड्यांच्या बोळात तर आभाळाची पट्टीच तेवढी दिसते, तिथे हा बिचारा शेजारच्या बोळात पोचवेल. शेवटी मोबाइल खिशात घालून डोळे वापरावे लागतात.

आता गंमत अशी की बस स्टँडवर आयुष्यभर ऐकलंय, बेवारस वस्तूला हात लावू नका. आणि इथे मी, चांगली पन्नाशीची बाई, झुडपात हात घालून बेवारस डबी शोधतेय. खेळाचा रिवाज असा की बघणाऱ्याला संशय येऊ द्यायचा नाही. भाचा बुटाची नाडी बांधायला बसला. तीच नाडी, पुन्हा पुन्हा.

फिरायला आलेले एक आजोबा थांबले. "काय हरवलं का हो?"

"मावशीचं कानातलं," भाची पटकन म्हणाली. एवढं सराईत खोटं ही कुठून शिकली, देव जाणे.

आजोबांनी काठी बाकाला टेकवली आणि वाकून शोधायला लागले. "सोन्याचं का?" त्यांच्यामागून दोन बायका, मग कणीस खाणारा एक मुलगा, त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. गवताची एकेक काडी बाजूला होऊ लागली. कोणीतरी मला धीर दिला की गेल्या साली त्यांच्या सुनेचं मंगळसूत्र असंच मिळालं होतं. या गर्दीत भाच्याने बाकाच्या मागच्या दगडाआडून डबी काढली, आतल्या चिठ्ठीवर तिघांची नावं लिहिली आणि पुन्हा सरकवून दिली. आम्ही "जाऊ दे, असेल घरीच" म्हणत निघालो. आजोबा शोधतच होते.

मुलं ठाण्याला गेली. आठवड्याने आजोबा पुन्हा भेटले. "मिळालं का?"

"मिळालं," मी म्हणाले.

ते इतके खूश झाले की सोबतच्या चौघांना बोलावून सांगितलं. आता गोदापार्कला फिरायला जाताना कानात काहीतरी घालून जावं लागतं, एवढीच काय ती कटकट.