दारांमधली फट

रविवार, रात्री साडेबारा

होस्टेलचे आम्ही चौघं आज कित्येक वर्षांनी एकत्र काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा कॉम्प्युटर गेम खेळलो. मॅप, म्हणजे लढायची जागा, कोणता लावायचा, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. डस्ट टूच.

पक्यानं कॉलेज संपल्यापासून माउसला हात लावला नव्हता. राउंड सुरू झाला आणि तो म्हणाला, "मी टनेलनं घुसतो, तुम्ही दोघं शॉर्ट घ्या." अंगावर काटा आला माझ्या! त्याला सगळं तसंच्या तसं पाठ होतं. गावाकडच्या घरात अंधारातही पायरी कुठं आहे ते पायाला ठाऊक असतं, तसं.

हा मॅप २००१ सालचा. डेव्ह जॉन्स्टन या इंग्लंडच्या तरुणानं आधी डस्ट केला होता, त्याचाच हा दुसरा भाग. वाळूच्या रंगाच्या भिंती, कमानी, लाकडी खोकी हे सगळं पहिल्यासारखंच, पण आखणी मात्र वेगळ्याच तोलाची. टेररिस्टनी बॉम्ब लावायचा, काउंटर-टेररिस्टनी (म्हणजे काउंटरनी) तो अडवायचा. लावायच्या जागा दोन, ए आणि बी. ए-कडे लाँग या लांबच्या वाटेनं जा नाहीतर शॉर्ट या जवळच्या, बी-कडे टनेलनं जा नाहीतर मिडमधून, म्हणजे मधल्या वाटेनं. संपलं. नवखा माणूस तासाभरात वाटा शिकतो. पण मिड दोन्हीकडे उघडतो, म्हणून ज्याच्या हातात मिड, त्याचा पुढचा डाव समोरच्याला कळतच नाही. आणि लाँगच्या कोपऱ्यावर दोन्ही बाजू जवळजवळ एकाच वेळी पोचतात. हे अंतर त्यानं कसं जुळवलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

सगळ्यात लाडकी जागा मिडची लाकडी दारं. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट. बी सांभाळायला निघालेल्या काउंटरला त्या दारांमागून पळावंच लागायचं आणि आम्ही वर, टेररिस्टच्या सुरुवातीच्या जागेवरून, स्कोप लावून टपलेले. एडब्ल्यूपी ही लांबून मारायची स्कोपची बंदूक खेळातल्या ४७५० डॉलरची, म्हणजे पहिला, पिस्तुलाचा राउंड जिंकून पैसे साठवल्याशिवाय मिळायची नाही. फटीत निळी सावली चमकली की क्लिक. लागली तर शेजारच्या खोलीतून शिवी ऐकू यायची, कारण लॅनची वायर खिडकीतूनच तिकडे गेलेली.

मधल्या काळात स्पर्धांच्या यादीतून हा मॅप २०१७ मध्ये काढला, २०१८ मध्ये परत घेतला, २०२२ मध्ये पुन्हा काढला, २०२४ मध्ये पुन्हा आणला. काउंटर स्ट्राइक २ ची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली तीही याच मॅपवर. लोक त्याला सोडत नाहीत, एवढंच खरं.

फक्त २०२१ मध्ये वरून ती दारं दिसणं बंद केलं. राउंड सुरू होतो न होतो तोच काउंटरचा एक माणूस मरायचा, तेव्हा बदल रास्तच आहे. तरी मला ते पटवून घेता आलेलं नाही. नेमबाजीची ती पहिली परीक्षा होती आमची.

आज तिसऱ्या राउंडला पैसे जमले. पक्यानं एडब्ल्यूपी घेतली आणि पळायचं सोडून तिथंच उभा राहिला.

"अरे, इथून दारं दिसत नाहीत?"

"नाही रे. बंद केलं ते."

हेडफोनमध्ये थोडा वेळ त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, "बरं, चल, लाँगला येतो मी," आणि माझ्या मागोमाग निघाला.