मोंढ्यातला टिकटिक्या: निकाल लागला

मंडळी, आपण लोकांच्या मनगटावरची भारी घड्याळं लांबूनच पाहून खरी की नकली ते वहीत नोंदवणारे. तर त्यातला मोंढ्यातला टिकटिक्या, म्हणजे दर सेकंदाला काटा उडणारं ते रोलेक्स, अस्सल निघाला. "काटा उडतोय ना, मग चायना, फाइल बंद कर" असा तगादा ज्यांनी लावला होता, त्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं.

प्रकरण आठवत असेलच. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत्याच्या मनगटावर रोलेक्सचं दोनरंगी डेटजस्ट. बेझल (काचेभोवतीचं कडं) खाचांची, तारखेवर सायक्लॉप्स भिंग, सगळं जिथल्या तिथं. फक्त सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारणार. नेहमीचं डेटजस्ट ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर चालणारं, आणि त्याच्या ताशी 28,800 ठोक्यांच्या मशिनचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकतो, म्हणून लांबून तो वाहताना दिसतो. त्यामुळं आपल्यात पहिला नियम ठरलेला: काटा उडाला की माल बाद.

तरी मी ही नोंद 'अनिर्णित'मध्येच ठेवली होती, कारण केस, म्हणजे घड्याळाची धातूची पेटी. नेहमीच्या डेटजस्टचे लग, म्हणजे पट्टा अडकतो ते कान, गोलसर उतरतात आणि त्यांच्यामध्ये पट्टा बसतो. इथं कडा धारदार, सपाट, आणि पट्टा केसमधूनच ओतून काढल्यासारखा सरळ खाली आलेला. नकली माल करणारा जे खपतं त्याची नक्कल करतो. असला आडवळणाचा आकार तो कशाला करत बसेल?

पण खात्री करायची कशी? माणूस घड्याळ ढिलं घालतो, ते सारखं तळहाताच्या बाजूला फिरतं. वर मनगटावर लाल दोरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि हात कायम कॅल्क्युलेटरवर. फोन काढायचा नाही हे आपलं ठरलेलंच आहे आणि ते मी मोडणार नाही. छोटी दुर्बीण नेऊन पाहिली. तिच्याबद्दल माझं स्पष्ट मत: घरच्या गच्चीवर ठीक, मोंढ्यात डोळ्याला लावलीत तर जीएसटीवाले आले अशी आवई उठेल. कुणी विकत घेणार असाल तर पैसे वाचवा.

परवा काकांच्या सोयाबीनची हिशोबपट्टी आणायला त्याच आडतीवर गेलो. पट्टी छापायची आणि लाईट गेली. पंखा थांबला, प्रिंटर थांबला. "बसा, इन्व्हर्टर बी बसलाय," आडत्या म्हणाला आणि हात वहीवर ठेवून गप्प बसला. मी गादीच्या या टोकाला, तो त्या टोकाला. आणि ऐकू आलं. टक्. टक्. टक्. साध्या क्वार्ट्झचा, म्हणजे सेलवरच्या घड्याळाचा, आवाज एवढ्या लांबून येत नाही.

ऑयस्टरक्वार्ट्झ! रोलेक्सनं 1977 मध्ये बाजारात आणलेली, स्वतःच्या मशिनची क्वार्ट्झ. डेटजस्टमध्ये 5035 कॅलिबर (आतल्या मशिनचा नंबर), रोलेक्सच्याच डे-डेट मॉडेलमध्ये 5055. हिच्यातली मोटर काट्यांची चाकं थेट फिरवत नाही, मध्ये पॅलेट आहे, चाकाला ठोके देत पुढं ढकलणारा छोटा तुकडा. म्हणून तो दणकट ठोका. केसचं कोडंही तिथंच सुटलं, हा आकार त्या घराण्याचाच. दोनरंगी आणि खाचांची बेझल म्हणजे मॉडेल नंबर 17013.

दारातून उजेड येत होता, म्हणून डायलही वाचायला मिळाला. ऑटोमॅटिकवर 'ऑयस्टर' आणि 'पर्पेच्युअल' यांच्यात फट दिसते. इथं रोलेक्सच्या खाली एकच लांब सलग शब्द. अक्षरं लागली नाहीत तरी फट नाही एवढं दिसलं की पुरे. ही खूण वहीत लिहून ठेवा.

माझी टक लागलेली आडत्याच्या लक्षात आली. "काय बघलालाव?"

"घड्याळ भारी आहे मामा."

"वडलाचं हाय. सेल टाकायला पुण्याला न्यावं लागतंय, इथल्याला झाकणच उघडंना. लोक म्हणतेत डुप्लिकेट हाय. म्हणू द्या की, बरंच हाय."

झाकण उघडत नाही हा पुरावा मी वर जोडला. त्या मागच्या आट्यांच्या झाकणाला खाचांची वेगळी चावी लागते. आडत कुणाची, गल्ली कुठली, हे विचारू नका, सांगणार नाही.

बाकी किरकोळ. तपोवन एक्सप्रेसमध्ये जालन्याच्या पुढं एका मुलीच्या हातावर जपानी ग्रँड सेइको स्नोफ्लेक! निळा सेकंदकाटा, आठाच्या जवळ पॉवर रिझर्व्ह (चावी किती उरली ते दाखवणारा छोटा काटा), आणि सेकंदकाटा ना उडत ना थरथरत, नुसता सरकतो. स्प्रिंग ड्राइव्ह, म्हणजे ताकद स्प्रिंगची आणि वेगावर लगाम क्वार्ट्झचा, 1999 पासूनची करामत. संभाजीनगर येईपर्यंत मी दुसरं काही पाहिलं नाही. शेजारच्या सीटवर हमखास कुणीतरी भलंमोठं सोनेरी घड्याळ मिरवत असतं, आणि डबाभर नजरा तिकडंच असतात.

बीडजवळच्या एका लग्नात ऑडेमार पिगेचं अष्टकोनी रॉयल ओक दिसलं, तेही नवरदेवाच्या मामाच्या हातावर. आठ स्क्रूंच्या खाचा आठ दिशांना. खऱ्यात ते षटकोनी डोक्याचे असतात, खोबणीत फिरूच शकत नाहीत, म्हणून खाचा बेझलच्या गोलाईबरोबर चालतात. बाद. त्याच मांडवात पोरांच्या हातावर जीए-2100 कॅसिओ बरेच. अष्टकोन पाहून लांबून उगाच छाती धडधडते, पण कॅसिओ असल्याचं लपवत नाही म्हणून मला ते मामाच्या घड्याळापेक्षा आवडतं.

पुढचा बेत नांदेडच्या लग्नसराईचा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं: 'काटा उडतो म्हणून बाद' असा शेरा मारलेल्या जुन्या नोंदींचं काय? ग्रँड सेइकोच्या 9एफ क्वार्ट्झ मशिनचा काटा उडतोच, आणि ते वर्षाला दहा सेकंदांच्या आत राहतं. त्या नोंदींतला एक चौकोनी काळ्या पट्ट्याचा, संभाजीनगरच्या कॅनॉट मार्केटमध्ये पाहिलेला, मी उगाच बाद केला की काय असं मला आत्ता फारच वाटायला लागलंय. तर नांदेड पुढं ढकललं. आधी बादची यादी उघडतो. तुमच्याही वह्यांत असे उडते काटे असतील तर केसचा आकार आणि पट्टा कसा जोडलाय एवढं लिहून पाठवा. किंमत नको, माणसाचं वर्णन तर अजिबात नको.