अ‍ॅम्प शेवटी चालू, आधी बंद

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी व्हायचं. पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापलेलं असे, पण तो शब्द पत्रिकेपुरताच. बाकी सगळे गॅदरिंगच म्हणायचे. मैदानात सतरंज्या, मागे पालकांच्या खुर्च्या, जिकडे पाहावं तिकडे कानटोप्या आणि शाली, गेटबाहेर आलूबोंडा-तर्रीच्या गाडीभोवती गर्दी. माझ्या मनात मात्र गॅदरिंगचा वास आहे तो आवाज मोठा करणाऱ्या तापलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा. आठवीपासून दहावीपर्यंत आणि पुढे माजी विद्यार्थी म्हणून कितीतरी वर्षं मी स्टेजच्या डाव्या विंगेत अ‍ॅम्पजवळ बसलो. सगळे नाच, सगळी नाटकं मी एका बाजूनंच पाहिली आहेत. दुसऱ्या कुठल्या जागेसाठी मी ती जागा सोडली नसती.

अ‍ॅम्प यायचा सायकलरिक्षातून, गोधडीत गुंडाळून. सोबत माईकवाले काकाजी पायी. आत तांब्या-लोखंडाचा मोठा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे त्या पेटीचं वजन वीस किलोच्या वर होतं. उचलायला दोघं लागायचे. आताचे अ‍ॅम्प शाळेतलं पोरगंही एका हातानं उचलतं. पण जोडायची रीत तीच आहे.

काकाजी गोधडी लगेच सोडायचे नाहीत. आधी मीटर काढून ऑफिसच्या बोर्डावर बसायचे. फेज ते न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास. न्यूट्रल ते अर्थ जवळजवळ शून्य. मग फेज ते अर्थ, पुन्हा २३०. "अर्थिंग आहे का नाही हे डोयानं दिसत नाही बाबू, मोजाव लागते." एवढ्यानंही त्यांचं समाधान व्हायचं नाही, कारण अर्थिंग कमजोर असलं तरी मीटर कधीकधी बरोबर आकडा दाखवतो. म्हणून ते शाळेच्या वायरमनला बोलावून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहायला सांगत. एका वर्षी तो बल्ब निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला. नळामागचा अर्थिंगचा खड्डा पार सुकला होता. त्यात बादल्याच्या बादल्या पाणी ओतलं, वायरमननं नवं मीठ आणि कोळसा भरला, आणि बल्ब पूर्ण पेटला तेव्हाच गोधडी सुटली. तोवर नाचाची तालीम खोळंबली होती आणि सगळ्या बाया वैतागल्या होत्या.

इतकं कशासाठी, हे मला त्याच वर्षी कळलं. तालमीत स्पीकरच्या बॉक्समधून सारखी 'घूंऽऽ' अशी घरघर येत होती. आमचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून अ‍ॅम्पला देणारी पेटी, मैदानाच्या मागच्या वर्गातल्या सॉकेटवर होता आणि अ‍ॅम्प स्टेजजवळ ऑफिसच्या बोर्डावर. मदतीला आलेल्या एकानं सहज सांगितलं, अ‍ॅम्पच्या पिनेतला वरचा जाड पाय काढून टाका, घरघर जाते. त्यानं तसं करूनही दाखवलं, आणि घरघर खरंच गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकाजी चहा पिऊन आले, त्यांनी ती पिन पाहिली आणि त्यांच्या हातातला कप हलायला लागला. त्यांना इतकं संतापलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यांनी आधी मेन बंद केला. मग स्टेजवर उभ्या असलेल्या पाचवीतल्या पोरीच्या हातातला माईक घेतला आणि त्याची लोखंडी जाळी आम्हाला दाखवली. "हे पोरीच्या ओठाले लागते. अ‍ॅम्पच्या आत एक वायर सुटून डब्याले लागली, तं करंट जाईल कुठून? रस्ता तं तू काढून टाकला." माईकची जाळी, माईकच्या वायरवरची जाळी, मिक्सरचं अंग, अ‍ॅम्पचं अंग, सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. तो जाड पाय जागेवर असेल तर बिघाडाचा करंट जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. तो नसेल तर पोरगी आहे.

घरघर खरी कुठून येते हे त्यांनी मग दाखवलं. दोन बोर्डांचे दोन अर्थ, त्यांच्यात किंचित फरक, आणि तो फरक आमच्या माईकच्या वायरीतून वाहणार. त्यांनी ऑफिसच्या बोर्डावरूनच एक लांब एक्स्टेंशन मिक्सरपर्यंत नेलं, लाइटच्या वायरींपासून वेगळं, आणि जिथं ओलांडावंच लागलं तिथं आडवं, काटकोनात. घरघर गेली. तिसरा पाय जागेवरच राहिला.

दुसरं शिक्षण फळ्यावर झालं. आमच्या विज्ञानाच्या बाई गॅदरिंगच्या प्रमुख होत्या. त्यांनी काकाजींना विचारलं, "बॉक्स वाढवा नं, मागच्यांना ऐकू येत नाही." काकाजी म्हणाले, "दोनाच्या वर लावले तं अ‍ॅम्प गरम होते मॅडम, मंग बंद पडते." का, ते त्यांना सांगता आलं नाही. बाईंनी नववीचा वर्ग तिथंच भरवला. एक बॉक्स आठ ओहमचा, म्हणजे करंटला त्याचा अडसर तेवढा. दोन एकाला एक समांतर जोडले की चार. तीन जोडले की २.६७, चार जोडले की दोन. अ‍ॅम्प व्होल्टेज तेच देतो, समोरचा अडसर अर्धा झाला की करंट दुप्पट. मग त्यांनी काकाजींना अ‍ॅम्पची मागची पट्टी वाचायला सांगितली: दोन चॅनेल, म्हणजे आवाज बाहेर जायच्या दोन वाटा, आणि एका चॅनेलला किमान चार ओहम. काकाजी फळ्याकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "म्हंजे मी बरोबरच करून राहिलो होतो." चार बॉक्स लागलेच, पण दोन एका चॅनेलवर, दोन दुसऱ्यावर. ब्रिज करायचा, म्हणजे दोन्ही चॅनेल जोडून त्यांचा जोर एकत्र लावायचा मोह त्या दिवसापासून कोणालाच झाला नाही, कारण ब्रिजमध्ये आठचा बॉक्स प्रत्येक चॅनेलला चारचाच वाटतो. तिथं दोन बॉक्स जोडले की अ‍ॅम्पच्या हिशेबानं ते दोन ओहम होतात.

वायरीचं गणितही बाईंनीच घातलं. मुलींच्या बाजूचा बॉक्स चाळीस मीटरवर होता आणि वायर होती घरच्या टेबललॅम्पसारखी बारीक, ०.७५ चौरस मिलिमीटरची. जाऊन-येऊन ऐंशी मीटर, म्हणजे वायरीचाच अडसर जवळजवळ दोन ओहम. अ‍ॅम्पनं दिलेल्यापैकी पाचवा हिस्सा वायरीतच जळत होता. पुढच्या वर्षी बर्डीच्या बाजारातून अडीचची वायर आली. तिची टोकं आम्ही नीट पिळायचो, एकही तार बाहेर राहू द्यायचो नाही, कारण शेजारच्या खुंटीला एक तार लागली की शॉर्ट. आणि चालू अ‍ॅम्पच्या मागे हात घालायचा नाही. आठ ओहमच्या बॉक्सला ५०० वॅट जातात तेव्हा त्या उघड्या खुंटीवर ६३ व्होल्ट असतात. हल्ली स्पीकॉनची पिन आहे, आत घालून फिरवली की बसते आणि बोट आत जात नाही. मला ती फार आवडते.

नववीत माझ्या हातून जे झालं ते सांगितलं पाहिजे. राष्ट्रगीत झालं, लोक उठले, आणि आवरायच्या घाईत मी मिक्सरची पिन ओढली. अ‍ॅम्प चालूच होता, दोन्ही बटणं पूर्ण वर. 'धप्प' असा आवाज झाला की सतरंजीवरची बालवाडीतली पोरं एकदम रडायला लागली. एका बॉक्सच्या वरच्या भोंग्याचा आवाज त्यानंतर आलाच नाही. काकाजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं, भोंगा उघडला आणि आतला डायफ्राम, म्हणजे थरथरून आवाज काढणारा पातळ पडदा, माझ्या तळहातावर ठेवला. केसासारख्या तारेचं वेटोळं, एका ठिकाणी तुटलेलं. "अ‍ॅम्पले कयत नाही, गाणं आलं का गडबड आली. जे आलं ते मोठं करते. म्हणून त्याले सगळ्याच्या शेवटी जागवाचं अन् सगळ्याच्या आधी झोपवाचं." मिक्सर आधी चालू, मग बटणं शून्यावर ठेवून अ‍ॅम्प, मग हळूहळू वर. बंद करताना उलटं. मोठे अ‍ॅम्प दोन असतील तर एक चालू केल्यावर पाच मोजून दुसरा, नाहीतर दोघांचा सुरुवातीचा ओढा मिळून मेन उडतो.

आवाज वाढवा, असं दरवर्षी कोणीतरी विंगेत येऊन सांगायचंच, बहुतेक वेळा पाहुण्यांच्या भाषणाच्या वेळी. अ‍ॅम्पवरचा लाल दिवा गाण्याच्या जोरात एखाद्या वेळी लुकलुकला तर चालतं. तो पेटूनच राहिला म्हणजे अ‍ॅम्प आपल्या ताकदीच्या पलीकडे गेला. लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि भोंगे जळतात ते बहुतेक यानंच. आणि ५०० वॅटच्या जागी १००० वॅट आणले तरी वाढतात फक्त तीन डेसिबल. आम्ही बॉक्स बाकांवर बाक ठेवून उंच केले, पक्के बांधले, भोंगे पुढच्या रांगांच्या डोक्यावरून मागे रोखले. पुढच्यांचे कान वाचले, मागच्या आज्यांना शब्द कळायला लागले.

पण सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका वितीचा. भुलाबाईचं गाणं म्हणणाऱ्या चौथीतल्या एका पोरीचा आवाज इतका नाजूक होता की तालमीत मिक्सर वर केला की बॉक्स शिट्टी मारायचे. बाई म्हणाल्या, माईक दोन वितींवर आहे, एका वितीवर आण. अंतर अर्धं झालं की सहा डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट वॅटचा अ‍ॅम्प आणल्यासारखं. मी स्टँड खाली केला, पुढे सरकवला, आणि तिला सांगितलं, माईकला घाबरू नको, त्याच्या कानात सांग. त्या रात्री गेटवरच्या गाडीवाल्यापर्यंत तिचा शब्द न् शब्द गेला. विंगेत बसून मी ऐकलेलं सर्वांत चांगलं गाणं तेच.

बाकी माझं काम राखणीचं. नाचाच्या पोरी थंडीच्या, ऊब लागते म्हणून अ‍ॅम्पवर शाली ठेवायच्या. मी त्या उचलायचो, पंख्याचं तोंड मोकळं ठेवायचो. नऊनंतर दव पडायला लागलं की मिक्सरवर छत्री धरायचो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहाची मर्यादा पक्की झाली. बाई त्याआधीपासूनच साडेनऊला संपवायच्या. अशाच एका वर्षी, मी कॉलेजात असताना, सगळं संपलं, मी बटणं शून्यावर आणली, अ‍ॅम्प बंद केला, मग मिक्सर. पंखा थांबल्यावर मैदानातली नुसती माणसांची गजबज ऐकू आली. तेवढ्यात बाई एका पोराला हाताला धरून विंगेत आल्या. पहिलीतला असावा. आजी हरवली म्हणून हुंदके देत होता. घड्याळात पावणेदहा झाले होते. काकाजी वायर गुंडाळायचे थांबले, मला म्हणाले, "लाव. पण घाई नको." मी मिक्सर चालू केला. बटणं शून्यावर आहेत हे बोटानं पाहिलं. अ‍ॅम्प. पाच मोजले. हळूहळू वर. बाईंनी माईक त्या पोराच्या तोंडाशी, एका वितीवर धरला.

"आजी," तो म्हणाला, "मी इथं आहो."