शून्य टक्क्यांचा हिशेब

21 जुलै 2018 ला जीएसटी परिषदेने सॅनिटरी पॅडवरचा 12 टक्के कर माफ केला. ‘लहू का लगान’ म्हणत वर्षभर ज्यांनी आवाज उठवला होता, त्यांचा विजयच तो. 27 तारखेपासून अंमल. त्याच सुमारास बार्शीकडच्या एका महिला बचत गटाच्या अध्यक्षा आणि त्यांच्यासोबत दोघी माझ्या ऑफिसात आल्या. पॅडचं छोटं युनिट. टेंडरसाठी जीएसटी नंबर घेतलेला, रिटर्न मी भरायचो. मोबाइलवर फ्लेक्सचं डिझाइन दाखवलं: ‘28 चे पाकीट आता फक्त 25 ला!’

“ताई, छापायला दिलं का?”

“दिलं की. का हो सर?”

पाठकोरा कागद ओढला. पाकिटाची मूळ किंमत 25, त्यावर कर 3. आत लागणारा कच्चा माल साडेबारा रुपयांचा. त्यातलं जेल पावडर, प्लॅस्टिक फिल्म, गोंद तेव्हा 18 टक्क्यांत. लाकडाचा लगदा, रिलीज पेपर 12 टक्क्यांत. म्हणजे खरेदीवर साधारण 2 रुपये कर आधीच भरलेला. आजवर तो क्रेडिट म्हणून विक्रीवरच्या करातून वळता व्हायचा, सरकारला रोखीने जायचा जेमतेम रुपया. आता विक्री करमुक्त, म्हणून क्रेडिट बंद. ते 2 रुपये खर्चात. पाकीट 27 च्या खाली गेलं की घाटा.

“म्हणजे माफी एक रुपयाचीच?”

हो. शिवाय गोदामातल्या मालावर आणि मशीनच्या उरलेल्या आयुष्यावर घेतलेलं क्रेडिट परत करायचं, आयटीसी-03 हा फॉर्म भरून. हे सांगताना मलाच कसंनुसं झालं. कायदा वाईट हेतूचा नव्हता, पण क्रेडिटची साखळी मध्येच तोडली की कर लपतो, नाहीसा होत नाही.

मग मी आणखी एक आकडा मांडला. कर शून्याऐवजी 5 टक्के ठेवला असता तर? पाकीट सव्वासव्वीसला. खरेदीवरचा कर जास्त, विक्रीवरचा कमी, म्हणून जादा क्रेडिटचा परतावाही मागता आला असता. गिऱ्हाईकाला माफीपेक्षा पाऊण रुपया स्वस्त!

“मग तसं का नाही केलं?”

पाच टक्क्यांसाठी पेढे कोण वाटणार? ‘करमुक्त’ हा शब्द मथळ्यात शोभतो. मुलींच्या हातात स्वस्तात पॅड पडायला हवं असेल, तर मला त्याच वर्षीची राज्य सरकारची अस्मिता योजना जास्त सरळ वाटली: जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीला 8 पॅडचं पाकीट 5 रुपयांत, फरक सरकार उघडपणे सोसणार होतं.

एकीने मजुरीत थोडं कमी करू म्हटलं. ताईंनी ते तिथेच मोडून काढलं. फ्लेक्सवाल्याला फोन लावून 25 चे 27 करवले. नंबर रद्द करायचा का, तेही विचारलं. फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण टेंडरची अट होती, म्हणून ठेवला. कर शून्य, रिटर्न मात्र भरायचंच.