दुसऱ्याच्या कपाटाची कड

भाड्याच्या घरातील एका कपाटाच्या दाराच्या खालच्या कडेवर चिकटवलेली पट्टी निम्मी सुटून लोंबत होती आणि ओल लागून आतला पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे चिकटवून केलेली फळी, फुगू लागला होता. मी मागे गोंद असलेली तयार पट्टी आणली, मध्ये सुती कापड धरून इस्त्रीने ती चिकटवली, लाकडी ठोकळ्याने दाबून गार होऊ दिली आणि बाहेर आलेला भाग पटाशीने कापून कड पॉलिश पेपरने साफ केली. माझ्या मते काम उत्तम झाले होते. घर सोडताना मात्र मालकांनी शेजारच्या दारांपेक्षा ही कड किंचित पिवळसर असल्याचे दाखवले आणि अनामत रकमेतून अख्ख्या दाराचे पैसे कापून घेतले.

त्या दिवशी मी करारनामा पहिल्यांदाच नीट वाचला. घरातील वस्तूंमध्ये लेखी संमतीशिवाय कोणताही बदल करू नये, असे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. आणि दुरुस्ती हाही एक प्रकारचा बदलच आहे, हे मालकांचे म्हणणे मला कितीही झोंबले तरी अगदीच चुकीचे म्हणता येत नव्हते. गंमत अशी की, मी त्या कडेला हात लावला नसता, तर माझी बाजू अधिक भक्कम राहिली असती. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, हे तत्त्व अनेक देशांच्या भाडेविषयक कायद्यांत आहे, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने सुटलेली पट्टी त्यात बसवता आली असती. मी ती बदलली आणि झिजेचा प्रश्न माझ्या कारागिरीचा प्रश्न होऊन बसला. तेव्हापासून दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूला पट्टी लावायची असेल, तर मी आधीच्या स्थितीचे छायाचित्र काढतो, पट्टीचा तुकडा मालकाला दाखवतो आणि दोन ओळींची का होईना, पण लेखी संमती घेतो. भिंतीत कायम बसवलेले कपाट असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण असे कपाट कायद्याच्या दृष्टीने बहुधा सुटे सामान न राहता वास्तूचाच भाग मानले जाते.

स्वतःच्या घरात, स्वतःच्या मालकीच्या फळीला पट्टी लावताना कायदा जवळजवळ कोठेच आडवा येत नाही. हमीची मुदत चालू असलेल्या फर्निचरचे तेवढे पाहावे; इस्त्रीच्या उष्णतेने लॅमिनेटला, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या पातळ थराला, फोड आला, तर तो मूळ दोष होता, हे विक्रेत्याला पटवणे कठीण जाते.

खरा फरक पडतो तो वस्तू विकायला काढल्यावर. एका परिचितांनी माझे काम पाहून पैसे देऊन चार टेबले करून मागितली, तेव्हा मी प्रथम बोर्डाची चौकशी केली. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटवून केलेली फळी) यांतले लाकूड एकत्र धरणाऱ्या अनेक राळींमधून, म्हणजे चिकट द्रव्यांमधून, फॉर्मल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत राहतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. बोर्डाचा पृष्ठभाग दाट असतो, कड मात्र सच्छिद्र असते. त्यामुळे उघड्या कडेतून हा वायू अधिक सुटतो आणि नीट बसलेली पट्टी त्याला बऱ्यापैकी अडवते. एवढ्यावरून आपली वस्तू सुरक्षित असल्याचा दावा मात्र करता येत नाही. बोर्डाचा दर्जा चाचणीकक्षात ठरतो आणि आपण घरी लावलेल्या पट्टीने तो बदलत नाही.

युरोपात प्रचलित असलेल्या ई-१ या बोर्डाच्या वर्गासाठी फॉर्मल्डिहाइडची मर्यादा चाचणीकक्षातील हवेच्या दर घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने ती फर्निचरसाठी ६ ऑगस्ट २०२६ पासून ०.०६२ मिलिग्रॅमवर, म्हणजे निम्म्यावर आणली. अमेरिकेत पार्टिकल बोर्डाला हवेच्या दशलक्ष भागांत ०.०९ आणि एमडीएफला ०.११ भाग अशी मर्यादा आहे, परंतु तेथील चाचणीची पद्धत वेगळी असल्याने हे आकडे युरोपच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नयेत. अमेरिकेतच अशा बोर्डापासून विक्रीसाठी वस्तू तयार करणाऱ्याला तिच्यावर स्वतःचे नाव, निर्मितीची तारीख आणि नियमपालनाची नोंद असलेले लेबल लावावे लागते. चार टेबले करणारा हौशी माणूसही विक्री करू लागला, की त्याला ‘मी काही कारखानदार नाही’ एवढे म्हणून सुटता येत नाही. मी ती टेबले केली नाहीत. हाताशी असलेल्या बोर्डाचे बिल माझ्याकडे नव्हते आणि तो कोणत्या वर्गाचा आहे, हे मला सांगता आले नसते.

गोंदाच्या बाबतीत कायदा डब्यावरच छापलेला असतो, फक्त आपण तो वाचत नाही. युरोपीय संघात टोल्युइन या वाफ होऊन उडणाऱ्या द्रावकाचे प्रमाण ०.१ टक्का किंवा त्याहून अधिक असलेला गोंद सर्वसामान्य ग्राहकाला विकता येत नाही. सायक्लोहेक्झेन हे दुसरे द्रावक तेवढ्याच किंवा त्याहून अधिक प्रमाणात असलेला निओप्रीन या कृत्रिम रबराचा कॉन्टॅक्ट गोंद (दोन्ही पृष्ठभागांना लावून चिकटवायचा) ३५० ग्रॅमपेक्षा मोठ्या डब्यात ग्राहकाला विकण्यास मनाई आहे, आणि लहान डब्यावर तो हवा खेळती नसलेल्या जागी वापरू नये, तसेच गालिचा बसवण्यासाठी वापरू नये, अशी सूचना असावी लागते. गालिच्याचा उल्लेख प्रथम विचित्र वाटतो. पण बंद खोलीत जमिनीवर वाकून मोठ्या पृष्ठभागावर गोंद पसरणारा माणूस किती वाफ छातीत भरून घेतो, याचा विचार केला की त्यामागचे कारण कळते. बंद खोलीत कपाटात डोके घालून कडेला गोंद लावणाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नसते.

पट्टी कशाची आहे, हा प्रश्न मला पूर्वी केवळ दिसण्याचा वाटत असे. पीव्हीसी हे क्लोरीन असलेले प्लॅस्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू सुटतो. एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीत क्लोरीन नसते. जर्मनीच्या टाकाऊ लाकडाविषयीच्या नियमावलीत हाच फरक थेट उतरला आहे: पीव्हीसीची कड असलेला टाकाऊ बोर्ड तिसऱ्या वर्गात जातो, तर हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये असलेला) लेप नसलेला चिकटवलेला किंवा रंगवलेला बोर्ड दुसऱ्या. एका बोटाएवढ्या रुंदीच्या पट्टीने अख्ख्या फळीचा वर्ग बदलतो. असे तुकडे शेकोटीत किंवा घरच्या चुलीत टाकणे तर तेथे बेकायदा आहेच, आणि जेथे तसा नेमका नियम नसेल, तेथेही शेजाऱ्याच्या खिडकीत जाणारा धूर उपद्रव या सदराखाली तक्रारीला पुरेसा ठरू शकतो. पट्टीची कड कापणाऱ्या ट्रिमर यंत्राचा आवाज आणि जिन्यात उडणारा भुसा यांचेही तसेच आहे. लाकडाची धूळ फॉर्मल्डिहाइडच्याच, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या, गटात मोडते, म्हणून मी कड घासताना मुखपट्टी बांधतो आणि भुसा झाडून उडवण्याऐवजी व्हॅक्यूमने ओढून घेतो.

आता घरातल्या प्रत्येक कपाटाच्या मागच्या फळीवर, भिंतीकडच्या बाजूला, मी पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवतो: बोर्डाचा वर्ग, पट्टीचा पदार्थ आणि ती लावल्याची तारीख. कपाट कधी दुसऱ्याकडे गेले किंवा भंगारात निघाले, तर घेणाऱ्याला हे विचारायला माझ्यापर्यंत यावे लागू नये.